तिन्ही पुस्तकांना एकच फूटपट्टी?
तुमच्या पुस्तक-परीक्षणात कादंबरी, स्वयंविकास आणि लोकप्रिय विज्ञान, तिन्हींना ‘ओघवती भाषा, जरूर वाचा’ म्हणत चार-चार तारे दिलेत, ते पटलं नाही. कादंबरीला ओघ पुरेल एक वेळ. माहितीपर पुस्तकातले दावे मात्र तपासायलाच हवेत. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (२०११) घ्या. म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचले की तरुण मुलंही हळू चालतात, असा प्रयोग त्यात आहे. २०१२ मध्ये तो जास्त काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. २०१७ मध्ये तर खुद्द कानेमन यांनीच कबूल केलं, की मोजक्याच लोकांवर केलेल्या अभ्यासांवर आपण नको तितका विश्वास टाकला. नोबेल मिळालेला माणूस इतक्या मोकळेपणाने हे सांगतो, किती मोठी गोष्ट! परीक्षणात ती यायलाच हवी.

स्वयंविकासाच्या पुस्तकांतला ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा दावाही तसाच. लंडनमधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ ते २५४ इतका फरक.

कादंबरीचं कथानक सांगण्याऐवजी पुढच्या वेळी तिच्यातला एखादा परिच्छेद द्या ना. भाषा कशी आहे ते आम्हालाच कळेल.