१९८६ च्या आधीही कायदे होते

बालमजुरीवरचा लेख आवडला, पण त्यात बालमजुरीविरोधी कायद्यांची सुरुवात १९८६ च्या बालकामगार कायद्यापासून धरली आहे, ते पटलं नाही. भारतातला पहिला फॅक्टरी ॲक्ट, म्हणजे कारखान्यांचा कायदा, १८८१ चा. सात वर्षांखालची मुलं कारखान्यात घ्यायची नाहीत, सात ते बारा वयाच्यांना दिवसाला नऊ तासच काम. सातव्या वर्षी नऊ तास, आणि हीच तेव्हाची सुधारणा! त्यातही शंभरहून कमी कामगारांचे कारखाने मोकळेच. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचं स्वस्त सूत खुपत होतं, म्हणून कायद्यासाठी तिकडून दबाव होता हे खरं. पण इथे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली आणि नंतर गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे तळमळीने झगडले, त्यांचा साधा उल्लेखही लेखात नसावा? १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा.

कायद्याला बगल कशी दिली जायची तेही लिहायला हवं होतं. मुलांचं काम म्हणजे सुताने भरलेल्या बॉबिन (रिळं) काढून रिकाम्या लावणं. तासांची मर्यादा चुकवायला अर्धा दिवस एका गिरणीत, उरलेला दुसरीत. शेवटी १९२६ च्या दुरुस्तीत अशा मुलांच्या आईबापांना दंड लावला. पोटाला चिमटा बसलेल्या घराला दंड, हे मला आजही संतापजनक वाटतं.

१९८६ च्या कायद्याच्या २०१६ मधल्या दुरुस्तीत चौदाखालच्या मुलांना सगळीकडे बंदी आली, पण धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर 'मदत' चालते. ही सूट काढलीच पाहिजे. 'मदती'च्या नावाखाली घरात बसून रात्री विड्या वळणाऱ्या पोरीची हजेरी कोणता निरीक्षक तपासणार?