मावशीचा सब्जा

लठ्ठपणा आणि कर्करोगावरचा तुमचा लेख आवडला, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग एका ओळीत उरकलात. वजनाशी सगळ्यात घट्ट नातं त्याचंच. पाळी गेल्यावर अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) जवळपास थांबतं, पण चरबीच्या पेशी ते बनवतच राहतात. त्याला आवर घालणारं दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, नसतं, मग अस्तर वाढत सुटतं. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लठ्ठपणाशी जोडलेले १३ कर्करोग सांगितले, त्यात हाही आहे.

आमची सिडकोतली मावशी चांगली नव्वद किलोची. ‘खात्यापित्या घरची’ म्हणून कौतुकच व्हायचं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि एक दिवस परकरावर रुपयाएवढा रक्ताचा डाग. बाईने कुणाला न सांगता दोन महिने सब्जा भिजवून प्यायला, उष्णता झाली म्हणून! शेवटी धुणं वाळत घालताना सुनेच्या लक्षात आलं. निघाला हाच कर्करोग; नशीब, पहिल्याच टप्प्यात सापडला, गर्भाशय काढून भागलं.

आणि हो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २५ पर्यंत ठीक असं लेखात लिहिलंय. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात. तेवढं दुरुस्त कराल का?