डासांना गोड मिळालं तर ते चावायचे थांबतील? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डासांचं गोड, म्हणजे फुलांचा मकरंद, तोडलं तर आजार कमी पसरतील, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, मकरंद फक्त नर पितात, मादी रक्तावरच जगते, म्हणजे माझा लेख दिशाभूल करतो. दोन, मादी गोड खात असलीच तर उत्तम, पोट भरलं की ती चावणार नाही. मग तिचं गोड तोडा असं मी का म्हणतो?

पहिला आक्षेप लवकर निकालात निघतो. नर केवळ गोडावर जगतो हे खरं, पण बहुतेक जातींच्या माद्या दोन्ही घेतात. रक्तातली प्रथिनं अंड्यांसाठी, साखर उडण्या-जगण्यासाठी. हे तपासायला पकडलेली मादी चिरडून तिच्यावर सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेलं अँथ्रोन नावाचं रसायन टाकतात. द्रव निळा-हिरवा झाला, तर तिच्या पोटात फ्रुक्टोज, म्हणजे मकरंदातली साखर आहे, म्हणजे ती झाडांवर जाऊन आली. रक्त पिऊन हा रंग येत नाही.

दुसऱ्यात तुमचं निम्मं बरोबर आहे. उपाशी मादी जास्त वेळा चावते. लहान, अशक्त मादीचं पहिलं रक्त तर अनेकदा अंड्यांपर्यंत पोचतच नाही, जगण्यातच खर्ची पडतं. मग ती पुन्हा चावायला हजर! पण मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढं जगली तरच ती आजार पसरवणार. समजा, रोज १०० पैकी ९० माद्या तगतात. दहा दिवसांनी साधारण ३५ उरतात. रोज ८०च तगल्या, तर जेमतेम ११. रोजच्या जगण्यातला एवढासा फरक, पण धोकादायक म्हाताऱ्या माद्या एक तृतीयांशावर येतात. वाढलेले चावे हिशेबात धरावेच लागतात, पण आयुष्याचं पारडं सहसा जड ठरतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बांदियागारा भागात वेड्या बाभळीच्या फुलांच्या फांद्या छाटून पाहिल्या गेल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छाटणी झालेल्या गावांत ॲनोफिलीस, म्हणजे मलेरिया पसरवणारे डास, कमी झाले, त्यातही वयस्क माद्या जास्त घटल्या. उपासमारीने चावे वाढून सगळं फसलं असतं, तर हे दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची, आणि ती तुम्ही लिहिलीच नाही. डेंगी पसरवणारी एडिस इजिप्टाय. माणसाच्या घरात राहणारी ही मादी पुन्हापुन्हा रक्त घेऊन, साखरेशिवायही बऱ्यापैकी तगते आणि अंडी घालते. तिच्यावर गोड तोडण्याचा उपाय कितपत चालेल, याबद्दल मला फारशी आशा नाही.