जुन्या फॉरमॅटला प्रिंटआउटचे पत्ते चालू द्या

रविवारी आमच्याकडे मुलुंडला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळायला पाच-सहा जण जमलो होतो. त्यातला कॉलेजचा मुलगा म्हणाला, “दादा, लेगसी शिकून उपयोग काय? प्रो टूरला तर स्टँडर्ड, मॉडर्न असलंच काहीतरी असतं.” प्रो टूर म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा, आणि बाकीचे फॉरमॅट, म्हणजे कुठले पत्ते चालतात त्याचे नियम: स्टँडर्डमध्ये फक्त नवे, मॉडर्नमध्ये त्याहून जुनेही, लेगसी आणि व्हिंटेजमध्ये जवळपास सगळेच जुने. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

प्रो खेळाडूंच्या तक्रारी खऱ्या आहेत. जुन्या फॉरमॅटमध्ये तेच ते डेक दिसतात, लेगसीत जिकडेतिकडे ब्रेनस्टॉर्म हा एकच पत्ता, असं त्यांच्यातले कितीतरी जण म्हणतात. पण हौसेने बसतात तेव्हा हीच माणसं काय खेळतात ते बघा. २०१४ मध्ये रँडी ब्यूलरने ऑनलाइन व्हिंटेज सुपर लीग सुरू केली, तेव्हा लुईस स्कॉट-वर्गससारखे नावाजलेले खेळाडू त्यात उतरले. २०१८ ला मिनियापोलिसच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या प्रो टूरला तिघांची टीम होती: एक स्टँडर्ड, एक मॉडर्न, एक लेगसी. लेगसीच्या खुर्चीवर कोणालाही बसवून चालत नाही. ते काही पंधरा दिवसांत अंगवळणी पडत नाही.

का नाही, ते त्याच रविवारी समोर घडलं. ब्रेनस्टॉर्म म्हणजे एक निळा माना (पत्ता खेळायला लागणारी शक्ती) खर्चायचा, तीन पत्ते उचलायचे आणि हातातले कुठलेही दोन डेकवर परत ठेवायचे. नवखा तो आला की लगेच खेळून मोकळा होतो, आणि पुढचे दोन टर्न स्वतःच वर ठेवलेले नकोसे पत्ते उचलत बसतो. माझा मित्र चार टर्न तो हातात धरून बसला. समोरच्याने थॉटसीझ टाकला, म्हणजे आता हात उघडा करून दाखवायचा आणि त्यातला मोलाचा पत्ता जाणार. मित्राने तेव्हा ब्रेनस्टॉर्म खेळला आणि आपले दोन सगळ्यात चांगले पत्ते डेकवर लपवले. दाखवायला हातात उरली जमीन (माना देणारे पत्ते) आणि किरकोळ माल. हे त्याला दहा वर्षांच्या सरावाने येतं. स्टँडर्डमध्ये पत्ते ठरावीक काळाने बाद होतात आणि त्यांच्यासोबत बरीचशी मेहनतही. नोकरी, लोकल, घर सांभाळून महिन्यातून एकदा खेळणाऱ्यांना शिकलेलं टिकणारा खेळच परवडतो.

परवडत नाहीत ते पत्ते. १९९५ च्या ‘क्रॉनिकल्स’ या संचामध्ये जुने पत्ते पुन्हा छापले म्हणून संग्राहक चिडले, आणि १९९६ मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीने रिझर्व्ह्ड लिस्ट आणली: त्यातले पत्ते पुन्हा छापायचे नाहीत. लेगसीत लागणारा अंडरग्राउंड सी हा पत्ता त्यात आहे. त्या एका पत्त्याला आज शेकडो डॉलर पडतात, आणि डेकला एक पुरत नाही. २०२२ मध्ये कंपनीनेच तिसाव्या वर्षानिमित्त जुने पत्ते वेगळ्या पाठीचे छापले आणि चार पाकिटं ९९९ डॉलरला विकली. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडचा रंगीत प्रिंटआउट आमच्या घरच्या टेबलावर का चालू नये?

मुंबईत जिथे जिथे आपण बिनबक्षिसाचे जमतो, तिथे प्रिंटआउट खुशाल चालू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. नाव स्वच्छ वाचता यावं, मागे साधा पत्ता घालून सगळ्यांना सारखे स्लीव्ह (प्लास्टिकची कव्हरं) असावेत, आणि खेळायच्या आधी सांगावं. खरे म्हणून विकणं ही फसवणूक आहे, त्याला माझा कडक विरोध आहे. अधिकृत स्पर्धेत खरेच पत्ते लागतात, तेही मान्य. दुकानदारांचं पोट नव्या पाकिटांवर आहे हे मला कळतं, आणि ती मी अजूनही घेतो. पण जो जुना पत्ता नव्या पाकिटात येतच नाही, तो माझ्याकडे नाही म्हणून कोणी मला पाकीट विकू शकत नाही.

त्या मुलाला मी माझा एक प्रिंटआउटचा डेक घरी नेऊ दिला. रात्री अकराला त्याचा मेसेज आला: “दादा, पहिल्याच हातात ब्रेनस्टॉर्म आला तर किती टर्न थांबू?”