‘चेहऱ्याची फाइल वाटायची नसते’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. लगेच लिहिलं असतं तर रागाने लिहिलं गेलं असतं, म्हणून थांबले. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी स्वतःच्या फोटोंवर एक चित्र-मॉडेल, म्हणजे शब्दांत सांगितलेलं चित्र काढून देणारी संगणक-प्रणाली, शिकवलं, त्यातून माझं डिजिटल रूप उभं केलं, ते कसं केलं हे सविस्तर लिहिलं आणि शेवटी मॉडेलची फाइलही सगळ्यांना वापरायला ठेवली. तुमचे आक्षेप तीन. फाइल खुली करणं बेजबाबदारपणाचं आहे. असं शिकवून मी दुसऱ्यांचे चेहरे चोरणाऱ्यांना वाट दाखवते आहे. आणि ज्या मॉडेलवर हे सगळं उभं आहे, तेच मुळात लोकांना न विचारता गोळा केलेल्या चित्रांवर शिकलंय.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यावर मला वाद घालायचाच नाही. मी वापरलेलं मूळ चित्र-मॉडेल, स्टेबल डिफ्यूजन, ज्या लायन-५बी संग्रहातल्या चित्रांवर शिकलं, त्यात वेबवरून वेचलेल्या ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत. त्या चित्रकारांना, त्या फोटोंतल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. माझं काम त्याच पायावर उभं आहे, हे मूळ लेखात यायला हवं होतं. आता घातलं आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. गूगलच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये ड्रीमबूथ ही चित्र-मॉडेलला एखादा ठरावीक चेहरा किंवा वस्तू शिकवायची पद्धत मांडली, तेव्हाच तीन ते पाच फोटोंत काम भागतं हे जगजाहीर झालं. वर्ष संपायच्या आत दहा-वीस सेल्फी घेऊन अवतार करून देणारी ॲपं फोनवर आली. ज्याच्या मनात वाईट आहे त्याचं माझ्या लेखावाचून अडत नाही. लेखाची गरज आहे ती ज्यांचे फोटो उघड्यावर पडले आहेत त्यांना. आपला चेहरा किती थोडक्या सामग्रीतून उभा राहतो आणि कुठे कच्चा राहतो, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय अंगात भिनत नाही.

माझंच उदाहरण देते. पहिल्या खेपेला चोवीस फोटो घेतले. त्यांतल्या चार फोटोंत माझ्या मैत्रिणीचा हात माझ्या खांद्यावर होता. कापताना ती चौकटीबाहेर गेली, हात राहिला, आणि शिकवताना प्रत्येक फोटोसोबत जे वर्णन द्यायचं असतं, त्या कॅप्शनमध्ये मी त्याचा उल्लेख केला नाही. कॅप्शनमध्ये जे लिहिलेलं नसतं, ते मॉडेल तुमच्यासाठी ठरवलेल्या नावाच्या शब्दाला चिकटवून टाकतं. मग मी समुद्रावर उभी असो की ग्रंथालयात, खांद्यावर पाच बोटं आहेतच, मागे माणूस नाही. दुसरी चूक तिळाची. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे. फोटो कमी म्हणून ते आडवे उलटवून वापरायचा पर्याय मी चालू ठेवला होता. त्यामुळे तीळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे, काही चित्रांत तर दोन्ही गालांवर. आज कुणी माझं खोटं चित्र समोर धरलं, तर मी आधी तीळ पाहीन, मग कानाची पाळी, मग हात. प्रत्येक खोट्या चित्रात चूक सापडेलच असं नाही. पण कुठे शोधायचं ते मला ठाऊक आहे, आणि हे शिकवणं मी थांबवणार नाही.

आता तुमचा पहिला आक्षेप. तो वाचून मला राग आला तो त्यात तथ्य होतं म्हणूनच.

माझी लोरा फाइल म्हणजे मूळ मॉडेलवर चढवायचा एक पातळ थर. मूळ मॉडेल कित्येक जीबीचं असतं, हा थर त्याच्यापुढे अगदी छोटा. वापरताना त्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. १ वर ठेवली की हुबेहूब मी. ०.५ च्या आसपास आणली की चेहरा सैल होतो, डोळे बदलतात, पण कपाळ, भुवया आणि हनुवटी टिकून राहते. एका वाचकाने अशा अर्ध्या तीव्रतेवर काढलेली चित्रं मला आवडीने पाठवली होती. त्यांत वावगं काही नव्हतं, खिडकीशी बसून पत्र वाचणारी एक बाई होती, इतकंच. मी ती माझ्या धाकट्या बहिणीला दाखवली. तिने फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ताई, ही तू नाहीस. ही मी आहे.”

खरंच तीच होती. माझ्या बहिणीचा एकही फोटो तिने कधी इंटरनेटवर टाकलेला नाही. तिने ते जाणूनबुजून टाळलं आहे. आणि मी माझ्या संमतीने तिचा चेहरा वाटून मोकळी झाले. माझा चेहरा माझा, मग मी त्याचं काहीही करीन, हा माझा सगळा युक्तिवाद त्या एका वाक्यापुढे उभा राहिला नाही. तुम्ही लिहिलं होतं, ‘तुमच्या घरच्यांना विचारलं होतं का?’ नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी फाइल काढली. आठवड्याभरात तीच फाइल वेगळ्या नावाने दुसरीकडे सापडली. एकदा कुणाच्या डिस्कवर उतरलेला थर परत मागता येत नाही. मे २०२५ मध्ये सिव्हिटाय या मॉडेलं वाटणाऱ्या मोठ्या संकेतस्थळाने खऱ्या माणसांची रूपं असलेली मॉडेलं बंद केली, तेव्हा मला तो अतिरेक वाटला होता. आज तसं वाटत नाही.

तरीही ‘डिजिटल रूप कुणाशी वाटूच नये’ हा तुमचा निष्कर्ष मी मान्य करत नाही. होली हर्नडन या संगीतकार बाईने २०२१ मध्ये होली प्लस आणलं: लोक आपला ध्वनी चढवत आणि तो तिच्या आवाजात परत मिळे. पुढे २०२४ च्या व्हिटनी द्वैवार्षिकासाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या कलाप्रदर्शनासाठी, तिने आणि तिचा सहकारी कलाकार मॅट ड्रायहर्स्टने तिच्या प्रतिमेवर एक चित्र-मॉडेल शिकवलं. त्यातून निघणाऱ्या चित्रांची ओळख पटते ती तिच्या लाल केसांवरून, वेण्यांवरून. या कामाकडे मी आधी नुसतं कुतूहलाने पाहिलं होतं. आता त्यात मला उत्तर दिसतं. ओळख नाक-डोळ्यांतच असली पाहिजे असं नाही. ती केसांत, कपड्यांत, उभं राहण्याच्या ढबीत ठेवता येते, आणि तेवढी वाटली तर घरच्या कुणाचा चेहरा सोबत जात नाही.

म्हणून आता वेगळ्या रीतीने करते आहे. आधी मूळ मॉडेलकडून कुणाचाच नसलेला एक चेहरा काढून घेतला. शेकडो चित्रांतून एकमेकांशी जुळणारी वीस निवडली आणि नवं पात्र त्यांच्यावर शिकवलं. माझं असं त्यात आहे ते फक्त जाड काळी चौकट असलेला चष्मा, आखूड केस आणि डावा हात खिशात घालून उभं राहायची सवय. लोरा ०.५ वर आणि ०.३ वर चालवून निघालेली चित्रं बहिणीने पाहिली. पहिल्या खेपेला दोन चित्रांत तिला आमची आत्या दिसली, तेव्हा ती वीसच्या वीस बाजूला ठेवून पुन्हा निवड केली. यापुढे मी फक्त चित्रं वाटेन, फाइल नाही. चित्रांना ती यंत्राने केलेली असल्याची नोंद जोडलेली असेल. स्क्रीनशॉट घेतला की ती नोंद गळून पडते, म्हणून चित्राच्या कोपऱ्यातही तसं लिहिते.

मूळ लेखात जिथे फाइलचा दुवा होता, तिथे आता बहिणीच्या परवानगीने हा सगळा प्रसंग लिहिला आहे. तुमचा प्रश्नही तिथे तुमच्याच शब्दांत घेतला आहे. नाव घातलेलं नाही. घालायचं असेल तर कळवा.