बासचा दोष ड्रायव्हरला देण्याआधी इअरटिप तपासा

इअरफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा चिमुकला स्पीकर, जितका मोठा तितका बास (खर्जाचा आवाज) दमदार, असे इअरफोनविषयीच्या एका लेखात म्हटले आहे. ते मला अपुरे वाटते. कानाची नळी आणि इअरटिप, म्हणजे इअरफोनच्या टोकावरची कानात जाणारी मऊ टोपी, यांच्यात फट राहिली की सर्वांत आधी खर्जाचा आवाज निसटतो, आणि मग १० मिलिमीटरचा ड्रायव्हर असूनही डग्ग्याची घुमक हरवून तबल्याच्या चाटेची टणटण तेवढी उरते. म्हणून नवा इअरफोन नापसंत करण्याआधी खोक्यातल्या सगळ्या मापांच्या टिप्स लावून पाहाव्यात. पुष्कळांच्या दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात, त्यामुळे उजवीकडे मध्यम आणि डावीकडे मोठी टिप लावण्यात काहीच वावगे नाही.

सिलिकॉनची टिप बसतच नसेल, तर फोमची घ्यावी. ती बोटांत चेपून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कान किंचित वर व मागे ओढून आत सरकवावी आणि फुगेपर्यंत अलगद धरून ठेवावी. फोम लवकर मळतो व बदलावा लागतो, हा खर्च मात्र दुकानदार सहसा सांगत नाहीत! इक्वलायझरला, म्हणजे फोनमधल्या बास वगैरे कमीजास्त करण्याच्या सोयीला, मी अगदी शेवटी हात लावीन, कारण फट तशीच ठेवून बास वाढवत नेला, तर आवाज नुसता गढूळ होतो. परीक्षा सोपी आहे: गाणे चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा, आणि बास एकदम भरून आला तर टिप नीट बसलेली नाही असे समजावे.