पाऊस आंबवण्याची कृती

पाऊस मुळातच किंचित आंबट असतो, त्यामुळे अर्धे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून स्वच्छ पावसाचा सामू, म्हणजे आम्लता मोजायचा pH अंक, सुमारे ५.६ भरतो, आपल्याला तो त्याखाली उतरवायचा आहे, आणि सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे ध्यानात ठेवल्यास उत्साह टिकतो.

साहित्य सहज मिळते. कोळसा किंवा जहाजांचे जड तेल जाळले की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि ढगातल्या थेंबांत शिरून तो सल्फ्युरिक आम्ल बनतो. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या इंधनातले गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आणून सरकारने आपली थोडी पंचाईत केली आहे, पण खचू नये. एकट्याने जायचे असले तरी मोठी डिझेल गाडी काढावी. इंजिनाच्या उष्णतेने हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रिक आम्लाची तयारी आयतीच होते. धुराडे उंच बांधावे, म्हणजे चेंबूरचा धूर चेंबूरकरांच्या डोळ्यांत जात नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी ढगात जातो. ब्रिटनच्या धुराड्यांनी हाच शेजारधर्म पाळून नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे संपवायला हातभार लावला.

एवढे करूनही मुंबईत बेत अनेकदा फसतो, आणि त्याचे श्रेय आपल्या सद्वर्तनाला मुळीच नाही. रस्त्याची माती आणि पुनर्विकासाच्या हिरव्या जाळीतून झिरपणारी सिमेंटची भुकटी यांतले कॅल्शियम, पित्तावर चघळलेल्या गोळीसारखे, आम्ल मारून टाकते. म्हणून धूळ दाबण्यासाठी टँकरने पाणी जरूर शिंपडावे, छायाचित्रही काढून घ्यावे, वायूंना मात्र हात लावू नये. औषध काढून घेतले आणि दुखणे तसेच ठेवले, की पाऊस मनासारखा आंबतो.

चाचणीसाठी देवघरातल्या संगमरवरी पाटावर रात्री लिंबाची फोड ठेवावी. सकाळी झिलई गेलेला, बोटाला खरखरीत लागणारा गोल डाग दिसेल. फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या नक्षीत पोरबंदरचा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे द्रव्य तेच. तिथे इतकी घाई होत नाही. एखाद्या दगडी पानाची कड पावसाळ्यागणिक बोथट होत जाते आणि खाली आडोशाला उभे राहून वडापाव खाणाऱ्याच्या डोक्यावर काहीच पडत नाही.